शालीखालची चार बोटं

"हात लाओ, सिस्टर," मुमे म्हणाला. खांद्यावरच्या शालीचं टोक त्याने आपल्या उजव्या पंजावर टाकलं आणि तो झाकलेला हात माझ्यापुढे धरला.

अंगणात चटया टाकून एकतीस घरांची माणसं बसली होती. पुरुष पुढे, बायका मागे. कुणी हूं की चूं करत नव्हतं. माझ्या पाठीमागे सोसायटीच्या भिंतीला टेकवलेला फळा होता आणि त्यावर सकाळीच मी सुवाच्य अक्षरांत त्यांच्या कॉफीचा भाव लिहिला होता. तासभर झाला तरी त्याला कुणी हो म्हणालं नव्हतं आणि नाहीही म्हणालं नव्हतं.

मी शालीखाली हात घातला. घालायला नको होता, पण माझ्या हाताला ती सवय माझ्याहून जुनी होती.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. इथिओपियातल्या हरार शहरापासून जीपने तीन तासांवर दिरे गुदो नावाचं डोंगरातलं गाव आहे. मी तिथे कॉफी घ्यायला गेले होते. पुण्यात शिरीष नावाच्या मित्राबरोबर माझं कॉफी भाजायचं छोटं दुकान होतं. तो भट्टी सांभाळायचा, मी चव सांभाळायचे. आम्हाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. आमच्या प्रत्येक पाकिटाच्या मागे छापलेलं असायचं, शेतकऱ्याला किती मिळाले, वाहतुकीला किती गेले, आम्ही किती ठेवले. गिऱ्हाईक पाकीट उलटं करून वाचायचं आणि मान डोलवायचं. पुण्यात लोक एवढे डोलतात तर ज्यांची कॉफी आहे ते मला खांद्यावर घेऊन नाचतील, अशी माझी पक्की समजूत होती.

जीपमध्ये गावच्या शेतकरी सोसायटीचा सचिव जिब्रिल माझ्या शेजारी बसला होता. इंग्रजी येणारा तो एकटाच, म्हणून तोच माझा दुभाषा. त्याने वाटेतच मला सगळं सांगून ठेवलं.

"गावात आयो नूरियाचा शब्द चालतो," तो म्हणाला. आयो म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला तिकडे असंच म्हणतात. "तिची दोनशे झाडं आहेत, तिच्या सासूच्या हातची. पण दोघा मुलांना ती उपटून खात लावायचंय."

खात म्हणजे तिकडचं नशेच्या पानांचं झुडूप. लोक ती पानं दुपारभर चघळत बसतात. वर्षातून दोन-तीनदा तोडणी, दारात ट्रक, हातात रोख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मला तेच दिसत होतं, आणि मध्येच कुठेतरी कॉफीचे सरपणासाठी रचून ठेवलेले बुंधे.

"आयोने मुलांकडून आजच्या बैठकीपर्यंतची मुदत घेतलीय. आज चांगला भाव ठरला नाही तर सोमवारी कुऱ्हाड पडणार. आणि तिची झाडं गेली की बाकीची तीस घरंही थांबणार नाहीत."

"आज ठरेल," मी म्हणाले. चौतिसाव्या वर्षी मी अशीच बोलत असे.

सकाळ तर फार छान गेली. मी ओळीने वाट्या मांडल्या, प्रत्येक घरची कॉफी वेगवेगळी भाजून दळली, वर उकळतं पाणी ओतलं आणि चमच्याने फुर्रकन ओढून चव घेऊ लागले. चव घ्यायची रीतच ती. आमच्याकडे बशीतून चहा पितात तसा आवाज होतो. बायका ओढणीआड हसायला लागल्या. मी चमचा नूरियापुढे धरला. साठीची, काटक बाई, कपाळावर उन्हाने पडलेल्या बारीक आठ्या. तिने तसाच फुर्रकन आवाज केला आणि वाटीत डोकावून बघितलं.

"ही माझी?" तिने जिब्रिलला विचारलं.

"तुमचीच," मी म्हणाले. "पिकलेल्या जांभळासारखी लागते. सगळ्यांत चांगली."

"आम्ही दाणे विकतो आणि सालं उकळून पितो, दुधात मीठ घालून," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत दाण्याची अशी चव कुणी मला दाखवली नाही." मग तिने आणखी एक चमचा घेतला. त्यानंतर आणखी एक.

पुढे मी फळा घेतला. गेली तीस वर्षं गावाचा माल मुमे घ्यायचा, किलोला पंचवीस, फार तर अठ्ठावीस बिरने. बिर म्हणजे तिकडचा रुपया. मी लिहिलं, शेतकऱ्याला चाळीस. खाली सोसायटीचे, ट्रकचे, जहाजाचे, भट्टीचे आणि शेवटी आमच्या दोघांचे. काहीही झाकलं नाही. जिब्रिलने मोठ्याने वाचून दाखवलं. मी हात मागे बांधून टाळ्यांची वाट पाहत उभी राहिले.

आणि मग तो तासभराचा शुकशुकाट. माणसं फळ्याकडे बघायची, मग माझ्या हातांकडे बघायची.

त्या शुकशुकाटात मुमे उठून माझ्यासमोर येऊन बसला होता. सत्तरीचा, गुटगुटीत, दाढीला मेंदी लावलेला माणूस. आधी उंटांचा व्यापारी, मग आठ वर्षं दुबईत गोदामावर, मग कॉफीत. दुबईने त्याला हिंदी शिकवली होती. उंटांच्या बाजाराने काय शिकवलं होतं ते आता शालीखाली कळत होतं.

त्याने शालीची घडी मध्ये ठेवूनच माझी बोटं धरली, बाईमाणसाचा तेवढा मान राखला. तीन बोटं दाबली. थांबला. मग माझी करंगळी वेगळी काढून माझ्याच तळव्याकडे दोनदा वळवली.

मला लगेच कळलं. एक बोट म्हणजे दहा. शेतकऱ्याला तीस सांग, वरचे दहा तुझ्यामाझ्यात.

"बोर्ड तो बोर्ड है," तो हळूच म्हणाला. "तीन में सब मान जाएंगे. शाम तक बोरे गाडी में." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. समजावून सांगायची गरजच पडली नाही हे त्याच्या लक्षात आलं. "यह हाथ किसने सिखाया?"

"मेरे बाप ने."

तो खूश होऊन हसला. एका दलालाला दुसऱ्या दलालाचं लेकरू भेटल्यावर होतो तसा आनंद त्याला झाला होता.

माझे वडील आप्पा, आटपाडीचे हेडे. बैलांच्या सौद्यातले दलाल. खरसुंडीच्या बाजारात टॉवेलखाली बोटं धरून त्यांनी हजारो बैल इकडचे तिकडे केले. मी लहान असताना ते मला मांडीवर घेऊन टॉवेल पांघरायचे आणि बोटांचा खेळ खेळायचे. पाढ्यांच्या आधी मी बोटं शिकले.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी डळमळले. पैशासाठी नाही. पण संध्याकाळपर्यंत पोती गाडीत, नूरियाची झाडं उभी, सगळ्यांना नेहमीपेक्षा दोन पैसे जास्त आणि मी मोकळी. काय बिघडलं असतं? मग मला दोन पांढरे बैल आठवले. मी हात ओढून घेतला.

"चार," मी म्हणाले.

"दिखाने को चार."

"दिखाने को भी, देने को भी."

"तो बैठी रहो," मुमे म्हणाला आणि शाल झटकून आपल्या जागी जाऊन बसला.

मी जिब्रिलला बाजूला घेतलं. "हे लोक बोलत का नाहीत? कशाची वाट बघताहेत?"

जिब्रिल ओशाळला. "खऱ्या भावाची," तो म्हणाला. "मोठ्याने सांगितलेला भाव इथे कुणी खरा धरत नाही. तो चारचौघांसाठी. खरा भाव शालीखाली सांगतात. त्यांना वाटतंय, तुम्ही अजून सुरुवातच केली नाही."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. हेड्याची मुलगी मी. खरसुंडीत कुणी उभ्याने ओरडून भाव सांगितला असता तर आप्पांनी मान वर करून बघितलं तरी असतं का? आणि मी एवढ्या लांब येऊन फळा रंगवला होता.

नूरिया उठून आमच्याजवळ आली. तिला जिब्रिल काय सांगत असणार याचा अंदाज आला होता.

"इंतला," ती मला म्हणाली. इंतला म्हणजे मुलगी. "तू स्वतःला काय उरतं तेसुद्धा लिहिलंस. असं कोण लिहितं? एवढं दाखवणारा माणूस याहून मोठं काहीतरी लपवत असणार, असं सगळ्यांना वाटतंय. मलाही वाटतंय."

"मग मी हातात सांगते," मी म्हणाले. "एकेकाला. सगळ्यांना."

जिब्रिल खाकरला. "पुरुष तुमचा हात धरणार नाहीत. मुमेचं वेगळं, तो दुबईला राहून आलाय."

"मग बायका धरतील," नूरिया म्हणाली.

जिब्रिलने हे मोठ्याने सांगितलं मात्र, पुढच्या चटयांवर एकच गलका उडाला. एक म्हातारा काठी आपटत उठला. "बाईने कधी शालीखाली भाव घेतलाय?"

"झाडावरून एकेक फळ कोण तोडतं?" नूरियाने विचारलं. "उन्हात वाळवतं कोण? पंधरा दिवस उलटंपालटं करतं कोण? तू करतोस, आदम? तू करत असशील तर ये आणि धर तिचा हात."

म्हातारा आदम खाली बसला. मागच्या चटयांवर खसखस पिकली.

नूरियाने डोक्यावरची केशरी ओढणी काढून आम्हा दोघींच्या हातांवर टाकली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. मी तिची चार बोटं धरून दाबली.

तिने लगेच अंगठाही माझ्या मुठीत घुसवला. पाच!

मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा शालीखाली बसलेली बाई, आणि घासाघीस बघा. मी अंगठा हळूच बाहेर काढला आणि पुन्हा चार दाबली. तिने पुन्हा अंगठा घुसवला. मी पुन्हा काढला. तिसऱ्यांदा तिने तो आपणहून बाजूला ठेवला, पण हात सोडला नाही. माझ्या डोळ्यांत बघत कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग निर्विकार चेहऱ्याने उठली आणि ओढणी माझ्याजवळच ठेवून गेली.

एकामागून एक बायका आल्या. कुणी लाजत, कुणी हसत. एकीने माझी बोटं करंगळीपासून तीनदा मोजली. एकीने पाच मागितले, एकीने चक्क दोन्ही हात पुढे केले. ज्या घरात कर्ती बाई नव्हती तिथली सून, नाहीतर बहीण आली. मी प्रत्येकीला तेच सांगत होते, चार. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एकतीस हात झाले होते आणि माझ्या मनगटात गोळे आले होते.

पण अंगणात पुन्हा तसाच शुकशुकाट. नवरे बायकांकडे बघत होते, बायका जमिनीकडे. मुमे सावकाश उभा राहिला आणि सगळ्यांना उद्देशून काहीतरी म्हणाला. काही माणसं शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागली.

"काय म्हणाला?" मी जिब्रिलला विचारलं.

"म्हणाला, शालीखालचा भाव बाहेर बोलायचा नसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेजाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त मिळाला नसेल कशावरून?"

म्हातारा पक्का होता. जो भाव मी फळ्यावर उघडा लिहिला होता, तोच मी आता स्वतःच्या हाताने एकतीस ठिकाणी लपवून बसले होते. मुमेला आता काही करावंच लागणार नव्हतं. उरलेलं काम संशय करणार होता.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. नूरिया हसत होती, चांगली खळखळून.

"मुमे," ती म्हणाली, "बाहेर बोलायचं नाही हा नियम कुणाचा?"

"बाजाराचा. बापजाद्यांचा."

"म्हणजे पुरुषांचा. आम्हाला तुम्ही शालीखाली कधी बसवलंच नाही. मग आम्हाला तो नियम कुणी आणि केव्हा लावला?"



नूरियाने उजवा हात डोक्याच्या वर उचलला. अंगठा तळव्यात दुमडून चार बोटं ताठ उभी केली आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून सावकाश गोल फिरली. तिच्या शेजारच्या बाईने हात वर केला. चार. बोटं तीनदा मोजणारीने केला. चार. मग मागच्या चटयांवरून हात नुसते उगवत गेले. पोरवयाच्या सुनांचे, सुरकुतलेले, बांगड्यांचे, कॉफीच्या सालींनी काळे पडलेले. दोन्ही हात पुढे करणारीने इथेही दोन्ही वर केले आणि शेजारणीने तिचा एक हात खाली ओढला. एकतीस हात आणि सगळीकडे चारच बोटं.

पुरुष मागे वळून बघत राहिले. मग एकेकाची मान फळ्याकडे वळली. चाळीसचा आकडा सकाळपासून तिथेच होता, पण त्यांनी तो आत्ता वाचला.

मी रडले. लाजायचं काय त्यात? भोकाड पसरून नाही, पण नाक पुसावं लागेल एवढं नक्की.

नूरियाचा थोरला मुलगा हाताची घडी घालून दाराशी उभा होता. तिने त्याला हाक मारली. "सोमवारचं काय मग?"

त्याने फळ्याकडे पाहिलं, आईच्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. "सोमवारी पोती भरायला माणसं लागतील," तो म्हणाला आणि घराकडे निघाला.

मुमेने जाताना माझ्याजवळ थांबून शाल खांद्यावर नीट केली. "बाप को सलाम बोलना," तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला.

निघायच्या आधी मी नूरियाच्या हाताचा फोटो घेतला. वर उचललेला, चार बोटांचा. त्या वर्षीच्या पाकिटावर आम्ही आकड्यांच्या वर तोच छापला. तिचा हात आजही छापतो, भाव वाढला तसा नवा फोटो घेऊन बोटं मात्र वाढवलीत. ती दोनशे झाडं उभी आहेत, आणि धाकट्या मुलाने गेल्या साली त्यात साठ नवी लावली.

पहिलं पाकीट घेऊन मी आटपाडीला गेले. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. खांद्यावर टॉवेल होताच. धंदा सोडून दहा वर्षं झाली तरी तो काही सुटला नव्हता. त्यांना अक्षरओळख सहीपुरती. पाकीट हातात घेऊन त्यांनी वास घेतला, मग चित्रावर बोट ठेवलं.

"ह्यो कुनाचा हात?"

"नूरियाचा. जिच्याकडनं माल घेतला तिचा."

"बाईमानसाचा? चारचा सौदा झाला म्हन की." आकडे न वाचता त्यांनी भाव वाचला होता. "आन् असा उघड्यावर धरलाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फळा, शाल, मुमेची तीन बोटं, माझी वळवलेली करंगळी, वर गेलेले एकतीस हात. आप्पा ऐकता ऐकता पाकिटावरच्या हाताकडे बघत बसले.

"शेवंतीची बैलं आठवत्यात तुला?" ते म्हणाले. "पांढरी खिल्लार जोडी."

मला आठवत होती. मी दहा वर्षांची होते. शेवंताकाकी आमच्याच गल्लीतली. नवरा गेल्यावर तिने बैल विकायला काढले. खरसुंडीच्या बाजारात मी हट्टाने आप्पांच्या टॉवेलखाली हात घालून बसले होते आणि गिऱ्हाइकाने आप्पांची चार बोटं दाबली ती माझ्या हाताला कळली होती. चार हजार.

"म्या तिला तीन सांगितलं हुतं," आप्पा म्हणाले. "तुला न्हाई ठावं."

"ठावं हाय, आप्पा."

त्यांनी मान वर केली.

"काकीनं मला नळावर गाठलं हुतं," मी म्हणाले. "इचारलं, खरं किती गं वैजू? म्या तिला तीन बोटं दावली."

पंचवीस वर्षं आम्ही दोघं ही गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. मी कॉफीच्या प्रत्येक पाकिटावर एवढे आकडे का छापत होते, हे शिरीषला कधी समजलं नाही. मलाही ते दिरे गुदोच्या अंगणात, मुमेने करंगळी वळवली तेव्हाच समजलं होतं.

आप्पा बाजेवरून उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी बाजेवर ठेवला. मग भर अंगणात उजवा हात वर केला. संधिवाताने करंगळी सरळ होत नव्हती, ती त्यांनी डाव्या हाताने उभी धरली.

"चार हुतं," ते म्हणाले. आवाज चांगला खणखणीत निघाला. शेजारच्या दारात धान्य पाखडणारी बाई सूप थांबवून बघायला लागली.

"शेवंती आता दिघंचीला असती, लेकाकडं," आप्पा म्हणाले. "माझ्या चपला बघ जरा कुठं हायत."